पुराव्याचे ढीग

आमचा मामा एकतीस वर्षं वीज खात्यात मीटर तपासनीस होता. लोकांच्या घरात शिरायचं, जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायची, मीटरचं सील दोन बोटांत धरून हलवून बघायचं आणि मग मागे उभ्या असलेल्या घरमालकाच्या चेहऱ्याकडे पाहायचं, हे त्याचं काम. मीटरमध्ये फेरफार करता येतो, चेहऱ्यात येत नाही, असं तो म्हणायचा. वयोमानाप्रमाणे मामा निवृत्त झाला, पण त्याचा संशय काही निवृत्त झाला नाही. त्याला तर उलट आता पूर्ण वेळ मोकळा मिळाला.

लग्न त्याने केलं नाही. दोनदा जमत आलं होतं, दोन्ही वेळा ह्याने चौकशी जरा जास्तच केली. त्यामुळे नोकरी संपल्यावर तो आमच्याकडे, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीकडे राहायला आला. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि घरात आई आणि मी दोघीच होतो. बाहेरची खोली मामाला दिली. पहिल्याच दिवशी त्याने खोलीचं कुलूप बदललं, दुसऱ्या दिवशी मागच्या दाराचं, आणि तिसऱ्या दिवशी दुधाच्या पातेल्यात बोट बुडवून नखावर थेंब धरून बसला.

"अरे, आपल्याच गाईचं दूध आहे," आई म्हणाली. "मीच काढते."

"म्हणून तर बघतोय, ताई. घरच्या माणसाला कोणी तपासत नाही."

आई हसत सुटली. आई मामाला कायम हसायची, आणि मामाला ते चालायचं. बाकी कोणी हसलं की तो त्या माणसाचं नाव मनात कुठेतरी टिपून ठेवायचा.

घरामागे आमचं गवताचं रान आहे. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल, पण काय म्हटलं ते कळणार नाही, एवढं मोठं. बाबा धडधाकट होते तेव्हा ते वेळेवर कापलेलं, हिरवंगार असायचं. मग बाबांचं आजारपण आलं आणि तीन वर्षं तिकडे कोणी फिरकलंच नाही. गवत जून झालं, मध्ये मध्ये टक्कल पडलं आणि त्या टकलांवर एक तण माजलं. कमरेएवढं उंच, पिवळ्या फुलांचं, उन्हात बरं दिसणारं. आमच्याकडे त्याला नुसतं पिवळी म्हणतात. फूल पिकलं की त्याची पांढरी म्हातारी होते आणि वाऱ्यावर उडत जाते.

बाबांच्या मागे आईने गाय घेतली होती. रंगाने तांबडी, म्हणून नावही तांबडीच. आठ घरांना दूध जायचं, त्यावर आईचं चालायचं आणि माझ्या औषधाच्या दुकानातल्या नोकरीवर माझं. तांबडी दुसऱ्यांदा गाभण राहिली, आईने तिचं दूध आटवलं, आणि व्यायला दोन महिने उरले तेव्हा आईने रानाचा विषय काढला. विकतचा चारा किती दिवस पुरवणार? रान साफ झालं तर तांबडी आणि तिचं वासरू तिथेच चरतील. आईचे गुडघे धरलेले, माझा दिवस दुकानात जाणार. आईने मामाकडे पाहिलं.

"मी करतो," मामा म्हणाला. "पण माझ्या पद्धतीने."

मामाची पद्धत म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने रानात सुतळ्या बांधून छत्तीस चौकोन पाडले, अगदी एखाद्या वस्तीची वीजजोडणी तपासायला निघाल्यासारखे. रोज सकाळी एक चौकोन. खुरप्याने पिवळी मुळासकट उपटायची, मोजायची, चौकोनाच्या कोपऱ्यात ढीग घालायचा, ढिगात काठी रोवायची, काठीला क्रमांकाची चिठ्ठी. मग वहीत नोंद: 'चौकोन ४. रोपे २१२. मुळे पूर्ण. हवा कोरडी.' मी म्हटलं, मामा, तण आहे, वीजचोर नाही. तो म्हणाला, "उपटलेलं मोजलं नाही तर परत उगवलेलं कसं कळणार?"

आणि परत उगवलं. मध्ये दोन दिवस पाऊस झाला आणि चौकोन चारमध्ये बोटाएवढी साठ-सत्तर नवी रोपं उभी. आता तीन वर्षं त्या मातीत बी पडत होतं, ते उगवणार नाही तर काय करणार? मी तसं म्हटलंही.

"तू औषधाच्या दुकानात आहेस," मामा म्हणाला, "बियाण्याच्या नाही. मी मुळासकट उपटलंय. हे कोणीतरी टाकतंय."

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली की ती गप्प बसत नसे. दोन दिवस तो कुंपणाच्या कडेकडेने पाठीमागे हात बांधून फिरला. तिसऱ्या दिवशी तारेवर अडकलेला पांढरा कापसासारखा पुंजका चिमटीत धरून आत आला आणि तो आईच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"कापूस," आई म्हणाली.

"तुला तसं वाटावं हेच तर त्याला पाहिजे."

तो म्हणजे गादीवाला. कुंपणापलीकडे त्याचं गाद्या-उशा भरायचं शेड होतं. दिवसभर आत कापूस पिंजायचं यंत्र घरघरायचं आणि तंतू उडत उडत आमच्या तारेवर येऊन बसायचे, बाबा होते तेव्हापासून. माणूस पन्नाशीचा, भुवयांवर कायम पांढरी लव, बोलणं अगदी मोजकं. शेडमागे त्याचंही गवत होतं, छोटंसं, पण नितळ. एक पिवळी दिसायची नाही त्यात. मामाने त्यावरच बोट ठेवलं. आपल्याकडे एवढं तण आणि कुंपणाच्या पलीकडे एकही नाही, हे कसं? शिवाय ह्याच गादीवाल्याने मागे एकदा आईला विचारलं होतं की रानाचा कोपरा कापूस वाळवायला मिळेल का. झालं! रान खराब करायचं, ताईने कंटाळून ते सोडायचं, आणि ह्याने शेड वाढवायचं. सगळं पाणी तिथे मुरतंय.

मामाने तो पुंजका एका कुंडीत पेरला. बारा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. काही उगवलं नाही. मला वाटलं, आता तरी पटेल. मामाने वहीत लिहिलं: 'बी आधीच निकामी केलेले दिसते. माणूस सावध आहे.' आई आणि मी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसलो. तेव्हा हसायला खूप सोपं होतं.

मग त्याने शेती कार्यालयात अर्ज दिला की अमुक इसम आमच्या रानात तण पसरवत आहे, तरी येऊन पाहणी करावी. पाहणी होईपर्यंत ढीग हलवायचे नाहीत. "पुरावा आहे तो," तो म्हणाला. रानात बावीस ढीग उभे होते, काठ्या आणि चिठ्ठ्यांसकट.

आईला एकच काळजी होती. "तांबडीने खाल्लं तर?"

ह्या बाबतीत मामाला बोल लावता यायचा नाही. त्याने ताजी पिवळी उपटून तांबडीच्या तोंडाशी धरली. तिने हुंगलं, फुर्रकन नाक उडवलं आणि मान फिरवली. तीन दिवस तीन वेळा त्याने हेच केलं, तिन्ही वेळा तिने मान फिरवली. वहीत नोंद झाली: 'गाय: तपासली. खात नाही.' त्यानंतर तांबडीला दुपारी रानात मोकळी सोडायला लागलो. मामा सकाळी तण काढायचा, दुपारी जेवून आडवा व्हायचा, मग वही लिहायचा. तांबडी दुपारभर चरायची आणि दिवे लागायच्या आत गोठ्यात यायची. सगळ्या जगात मामाच्या तपासणीत पास झालेली ती एकटीच.

एका सकाळी मी दुकानात निघाले होते आणि गादीवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला. एरवी तो कधी यायचा नाही. मामा चौकोनात उकिडवा बसलेला.

"साहेब," तो म्हणाला, "ते ढीग तिथे ठेवू नका."

मामा हळूच उठला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "का हो? तुम्हाला का त्रास होतोय त्यांचा?"

"मला नाही. ते वाळलं की..."

"वाळू द्या की. कार्यालयाची माणसं वाळलेलंही मोजतात."

"अहो, जनावर..."

"आमच्या जनावराचं आम्ही बघू. तुम्ही तुमचा कापूस सांभाळा. आणि ह्या तारेला पुन्हा हात लावलात तर थेट तक्रार करीन, सांगून ठेवतो."

गादीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी काका म्हणते त्याला, लहानपणापासून. मला उशीर होत होता, मामापुढे बोलायची लाजही वाटत होती. मी चप्पल चढवली आणि निघाले. त्याचं ते अर्धं वाक्य मी पुरं करून घेतलं नाही.

आठवड्याभराने ढीग खाली बसायला लागले. खरंच बसत होते, मी स्वतः पाहिलं. नऊ नंबरचा निम्मा, चौदाचा जवळजवळ गेलेला, पंधराची काठीच आडवी. मामा टेप घेऊन प्रत्येक ढिगाची उंची मोजायला लागला. "पुरावा नष्ट करतोय," तो पुटपुटायचा. पहाटे उठून खिडकीत डोळ्यांत तेल घालून बसायचा. पहाटे काही दिसायचं नाही. दुपारी मात्र तो घोरत असायचा.

त्यातच गादीवाला दोनदा आमच्या दाराशी आला. आई घरातच होती. दोन्ही वेळा मामाने दार उघडलं, आणि दोन्ही वेळा गादीवाला "काही नाही" म्हणून परत गेला. आता काही नाही तर माणूस दोनदा कशाला येईल? मामाने ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मी हसले नाही.

संशयाचं असंच असतं. घरात एकाला असला की बाकीच्यांना त्याचा वास येतो, मग सवय होते, मग आपल्यालाही तेच दिसायला लागतं. माझ्या सुटीच्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले. मामा झोपला होता. रानाच्या त्या टोकाला गादीवाला कुंपणावरून ओणवा झाला होता आणि तांबडीला हाताने काहीतरी खायला घालत होता. मधूनच मान वळवून आमच्या घराकडे बघत होता. मला पाहिल्याबरोबर तो झटकन मागे सरला.

मीच जाऊन मामाला उठवलं. मीच सांगितलं. मामाने वही उघडली, वेळ विचारली, माझी साक्ष लिहून घेतली, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. दोन दिवसांनी गादीवाला मला कोपऱ्यावर दिसला, त्याने हात वर केला, तर मी मान वळवून पुढे गेले.

तांबडीने रवंथ करणं बंद केलं तेव्हा व्यायला तीन आठवडे होते. आधी आईला वाटलं, उन्हाचं असेल. मग तिने वैरणीला तोंड लावणं सोडलं. शुक्रवारी सकाळी आई गोठ्यात गेली तर तांबडी भिंतीला कपाळ टेकून उभी. हलवलं तरी हलेना. आईने तिची मान कुरवाळली, हाक मारली, पण ती भिंत सोडायला तयार नाही. आईने मला धावत गुरांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरबाईंनी पापणी ओढून पाहिली. डोळ्याचा पांढरा भाग पिवळट झाला होता. पोटावर हात फिरवला, शेण पाहिलं, आणि तशाच हाताने कपाळावरचे केस मागे सारले.

"यकृत गेलंय हिचं. पिवळी खाल्लीय."

"ती खात नाही," मामा दारातून म्हणाला. "मी तपासलंय. तीन वेळा."

"हिरवी खात नाही. कडू लागते. पण वाळली की कडूपणा जातो, विष तेवढंच राहतं. वाळलेली खाल्लीय हिने, आणि एकदा नाही, कितीतरी दिवस."

"वाळलेली?" मामाने विचारलं.

"वाळलेली."

आई उठून उभी राहिली. ती गुडघे धरलेली बाई एका दमात कशी उठली, मला कळलं नाही. तिचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता.

"हिने पाहिलंय," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तो हाताने घालत होता तिला. तू सांगत होतास रे मला. एवढे दिवस सांगत होतास आणि मी वेड्यासारखी हसत होते. चुकलं माझं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही मामाचं कोणी असं ऐकलं नव्हतं. साहेबांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, आम्ही तर नाहीच. आज त्याच्या ताईने त्याच्यावर पुरा विश्वास टाकला होता. हातात वही होती. वहीत कुंपण होतं, दोन फेऱ्या होत्या, माझी साक्ष होती. तो काही बोलला नसता तरी चाललं असतं. आई अनवाणीच गोठ्याबाहेर पडली होती आणि गादीवाल्याच्या शेडकडे निघाली होती.

मामा वहीची पानं मागे मागे उलटत होता. पुरावे वाचण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ढीग नऊ, उपटल्याची तारीख, उंची कमी झाल्याची तारीख. चौदा. पंधरा. सगळे जुने, वाळलेले ढीग बसलेले, आणि ताजे जसेच्या तसे. पानावर त्याचा अंगठा थांबला तो मी पाहिला.

"ताई, थांब," तो म्हणाला.

आई थांबली नाही.

"ताई! त्याच्याकडे जाऊ नकोस. मी घातलीय ती तिला. माझे ढीग आहेत ते."

आई वळली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग उचलले का नाहीस?" तिने विचारलं.

"पुरावा होता," मामा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी सुई दिली, सलाईन लावलं, पण आशा ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं. आई चार दिवस गोठ्यातच बसून होती. मामा दारापर्यंत यायचा, पाण्याची बादली ठेवून जायचा. चौथ्या दिवशी दुपारी तांबडी गेली. पोटातलं वासरूही तिच्याबरोबर गेलं. आता दूध येणार नाही हे आठही घरांना सांगायला आईने मला पाठवलं, आणि त्या प्रत्येक दारात उभं राहून सांगताना मला माझाच राग येत होता. मामाचा नाही. मामा तर आहेच तसा. मी का मान वळवली?

त्याच संध्याकाळी मामाने एकट्याने उरलेले सगळेच्या सगळे ढीग पोत्यांत भरले, रानाबाहेर खड्डा करून पुरले. काठ्या उपटल्या, सुतळ्या गुंडाळल्या. मग हात धुऊन मला म्हणाला, "माझ्याबरोबर चल." कुठे ते विचारायची गरज नव्हती.

गादीवाला शेडमध्ये गादीला टाके घालत बसला होता. आम्हाला पाहून उठला आणि यंत्र बंद केलं. त्या शांततेत मामाला बोलणं आणखी कठीण झालं असणार. पण तो बोलला. आडवळण न घेता सगळं सांगितलं, माफ करा म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी तोवर ऐकलेला नव्हता.

गादीवाल्याने हातातली सुई बोटांत फिरवली.

"माझा बैल गेला होता तसाच," तो म्हणाला. "म्हणून मी माझ्याकडे एक काडी ठेवत नाही त्याची. तुमची गाय ढीग खाताना इथून दिसायची मला. हाक मारून वळायची नाही. मग ओला चारा दाखवायचो, तेवढ्यापुरती यायची कुंपणाशी. संपला की परत ढिगाकडे."

"काका, आत येऊन उचलायचे होते ना ढीग," मी म्हणाले.

"चोर ठरलो असतो, पोरी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मग तो मामाकडे वळला. "आत यायची हिंमत झाली नाही. पण ताईंना सांगायला मी दोनदा तुमच्या दाराशी आलो होतो, साहेब. दोन्ही वेळा दार तुम्ही उघडलंत."

मामाने मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "तारीख आणि वेळ लिहून ठेवलीय मी."